वडाचा दोरा कापणाऱ्या बाई

वटपौर्णिमेचा सण बाकीच्या जगात एक दिवसाचा असतो, आमच्या गावात तो दोन दिवसांचा असायचा. पहिल्या दिवशी बायका नटूनथटून वडाला दोरा गुंडाळायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तो कापायच्या.

बाई म्हणजे आमच्या मराठी शाळेतल्या बाई. एका हातात शिंप्याकडं असते तसली वजनदार लोखंडी कात्री, दुसऱ्या हातात शाळेतलं स्टूल आणि बगलेत काळी छत्री, अशी त्यांची स्वारी शाळेमागच्या वडाकडं निघाली की वाटेवरच्या बायका दारं लोटून घ्यायच्या. काही जणी मात्र मुद्दाम लांब उभ्या राहून बोटं मोडायच्या. बाई स्टुलावर चढून, जिभेचं टोक दातात धरून, साल न दुखवता एकेक वेढा कापायच्या. कापलेला दोरा त्या फेकायच्या नाहीत. त्याचं गुंडाळं करून शाळेत आणायच्या आणि वर्षभर आमची फाटकी पुस्तकं त्याच दोऱ्यानं शिवायच्या. माझं चौथीचं भूगोलाचं पुस्तक असंच शिवलेलं होतं. सात जन्मांचा दोरा आहे, फाटायचा नाही, असं बाई म्हणायच्या, आणि खरंच ते पुस्तक माझ्या धाकट्या भावाला पुरून उरलं.

दोरा का कापायचा, तर झाड काचतं म्हणून. "दोऱ्यानं नवरा बांधला जात नाही गं, झाड तेवढं काचतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकांचंही उत्तर ठरलेलं होतं, पण ते बाईंच्या पाठीमागं द्यायचं असायचं: हिला नवरा न्हाय, हिला काय त्याचं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी धीर करून विचारलंच, तर त्या सांगायच्या की ठरत आलं होतं, पण मुलाकडच्यांच्या परसात एकसुद्धा झाड नव्हतं. हे खरं की थट्टा, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मला विचाराल तर खरं असावं.

संकेश्वर मागं टाकून निपाणीकडं निघालं की हायवेपासून थोडं आत, उसात बुडालेलं आमचं गाव. वड शाळेच्या मागं, तम्माण्णाच्या रानाच्या बांधाला होता. किती जुना, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या आजोबांनीसुद्धा त्याला म्हाताराच बघितला होता. बुंध्यात एवढी मोठी ढोली होती की पावसात तिच्यात शेळ्या जाऊन उभ्या राहायच्या, आणि पारंब्या जमिनीत उतरून त्यांचेच खांब झाले होते. पलीकडचं गाव कानडी. ते त्याला 'आलद मर' म्हणायचे आणि तो आपल्याच हद्दीत आहे असं सांगायचे. आम्ही म्हणायचो आमच्या. कुठली गोष्ट कुणाच्या हद्दीत यावर आमच्या सीमाभागात माणसं जन्म काढतात, तेव्हा वडावरून भांडण झालं यात नवल नाही. बाईंनी आपल्यापुरता निकाल लावला होता. मुळं कुठवर गेलीत ते आधी खणून बघा, मग भांडा, असं त्या दोन्ही गावांना सांगायच्या.

बाई मूळच्या बेळगावजवळच्या खेड्यातल्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्या गावात आल्या आणि इथंच राहिल्या. बदलीचा हुकूम आला की चिकोडीच्या ऑफिसात जाऊन, तो रद्द होईपर्यंत साहेबांच्या दारात छत्री उघडून बसायच्या. छताखाली छत्री कशाला, असं विचारायला साहेब बाहेर आले की काम झालंच. माझी आई त्यांच्या अगदी पहिल्या वर्गातली आणि मी शेवटच्या काही वर्गांतली, त्यामुळं आमच्या घरात दोन पिढ्यांना एकाच छत्रीचं टोक बसलेलं आहे.

उन्हाळ्यात वर्ग वडाखाली भरायचा. हजेरी घेताना सगळ्यांची नावं संपली की बाई मान वर करून "वड?" अशी हाक द्यायच्या आणि आम्ही पोरं एका सुरात "हजर, बाई" म्हणायचो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं आणि हा विद्यार्थी कुठं आहे असं विचारलं. बाईंनी छत्रीनं वर दाखवलं. साहेब म्हणाले, याची गरज काय. बाई म्हणाल्या, रोज वेळेवर येणारा एवढा एकच आहे. त्या दिवशी साहेबांना स्वतःलाच यायला उशीर झालेला होता, त्यामुळं त्यांनी विषय वाढवला नाही.

बाई शिकवायच्या मराठीत आणि रागवायच्या कानडीत. मराठी स्वच्छ, पुस्तकातली. पण कुणी पारंबीला लोंबकळलं की "सुम्न कूड्रु" असा आवाज यायचा. गप बस, एवढाच त्याचा अर्थ, पण बाईंच्या तोंडून तो थेट पाठीत बसायचा. त्यांचं म्हणणं असं, की ज्या भाषेत शिकवायचं तिच्यात रागावलं तर पोरं भाषेलाच भितात. या न्यायानं आम्ही कानडीला भ्यायला हवं होतं. आज बेळगावात माझी अर्धी नोकरी कानडीवर चालते, तेव्हा बाईंचं हे शास्त्र काही खरं नव्हतं.

भीती त्यांना स्वतःला एकाच गोष्टीची वाटायची, आणि ती म्हणजे विस्तव. निपाणी म्हणजे तंबाखूचा मुलूख. आमच्याकडची म्हातारी माणसं सावलीला टेकली की विडी शिलगावणारच. बाईंनी त्यांच्यासाठी शाळेच्या पलीकडच्या कोपऱ्यावर एक दगड नेमून दिला होता. ओढायची ती तिथं बसून, मग वडाखाली यायचं. दुसरी भीती तम्माण्णाच्या पाचटाची. ऊस तोडून नेला की रानात वाळक्या पाल्याचा जो जाड थर उरतो ते पाचट, आणि ते पेटवून रान मोकळं करायचं हा आमच्याकडचा रिवाज. तम्माण्णा पेटवायच्या आधी बाईंना सांगायला यायचा. मग बाई सगळ्या शाळेला कळश्या-तांबे घेऊन बांधावर उभं करायच्या. वडाकडचा पट्टा भिजून चिखल झाल्याशिवाय त्याला काडी ओढू द्यायच्या नाहीत. निवृत्त झाल्यावरही हे चालूच राहिलं, फक्त शाळेच्या जागी तम्माण्णाच्या मोटरीचा पाइप आला आणि तो धरायला बाई.

त्यांची सगळ्यात अवघड खोड मात्र वेगळी होती. कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी त्या मागच्या दारी जायच्या आणि मोरीचं पाणी कुठं जातं ते बघून यायच्या. कारण असं, की गावातल्या प्रत्येक लेकीला लग्नात बाईंचा एकच आहेर ठरलेला: त्या वडाची मनगटाएवढी जाड फांदी. मिरगाच्या सुमाराला त्या करवतीनं ती कापून घ्यायच्या, कापल्या टोकाला शेण लिंपायच्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळून द्यायच्या. अशी फांदी मोरीच्या पाण्यावर हमखास जगते. पूजेसाठी फांद्या मोडून नेणाऱ्यांवर त्या छत्री उगारायच्या, पण लावायला नेतो म्हणणाऱ्याला कधी नाही म्हटलं नाही.

माझं लग्न ठरवायला आमची मंडळी गुंजीला, मुलाच्या गावी, गेली तेव्हा आईनं बाईंनाही बरोबर घेतलं, शिकलेलं माणूस सोबत असावं म्हणून. पोहे आले, मुलगा आला, मुलाचे काका नोकरीबद्दल सांगू लागले, आणि बघतात तर बाई जागेवर नाहीत. त्या मागच्या दारी माझ्या होणाऱ्या सासूबाईंना विचारत होत्या, तुमच्याकडं मोरीचं पाणी कुठं जातं. सासूबाईंना वाटलं ही बया घराण्याची स्वच्छता तपासतेय. त्यांचं तोंड जे वाकडं झालं ते लग्नाच्या फोटोतसुद्धा तसंच आहे. परत येताना आईनं बाईंना विचारलं, मुलगा कसा वाटला. बाई म्हणाल्या, "मुलाकडं बघायचं राहिलं. पण पाणी थेट कुंपणापर्यंत जातं. पोरगी सुखी होईल." आई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी सुखी झाले हा भाग निराळा.

पहिल्या वटपौर्णिमेला माहेरी आले आणि परत निघाले तेव्हा बाई फांदी घेऊन स्टँडवर हजर. माझ्यापेक्षा उंच. सरकारी बसच्या कंडक्टरनं हे काय म्हणून कानडीत विचारलं आणि लगेजचं तिकीट फाडायला घेतलं. मी म्हटलं, आलद मर. त्याचा हात थांबला. "मरक्क टिकेट इल्ल," झाडाला तिकीट नाही, असं म्हणून त्यानं स्वतः ती फांदी मागच्या सीटवर आडवी ठेवली. गुंजीला सासूबाईंनी पोतं सोडून बघितलं आणि आहेरात सरपण आलंय असं सगळ्या आळीला सांगून आल्या. सासरे शांत माणूस. त्यांनी मोरीचं पाणी जिथं मुरत होतं तिथं खड्डा घेतला.

मग काही वर्षांनी गावात ती वाईट गोष्ट झाली. वटपौर्णिमा झाली, बाईंनी नेहमीसारखा दोरा कापला आणि त्याच पंधरवड्यात आमच्या आळीतल्या सुनंदाचा नवरा हायवेवर गाडीखाली सापडून गेला. सुनंदा नुकती लग्न होऊन आलेली पोर. दोरा कापला त्याचं हे, असं कुणीतरी म्हणालं. सांज होईतो सगळं गाव तेच म्हणत होतं, आणि सुनंदाही. दुसऱ्या दिवशी बायका बाईंच्या दारात जमल्या. पुढं माझी आई. मी माहेरी आले होते, म्हणून मीही मागं मागं गेले.

आई म्हणाली, "बाई, तुम्ही आमास्नी शिकिवलंय, म्हणून आजवर कुणी तोंड उघडलं न्हाय. पर तुम्हास्नी नवरा न्हाय, आमास्नी हाय. हितनं फुडं दोऱ्याला हात लावू नगा."

मला वाटलं आता कानडी बाहेर पडणार. पण बाई आत गेल्या, कात्री घेऊन आल्या आणि आईच्या हातात ठेवली. "आजपासून ही तुझ्याकडं. माझा शब्द आहे, मी दोऱ्याला हात लावणार नाही."

बायका गेल्यावर मी बाईंवरच चिडले. दोऱ्याचा आणि अपघाताचा काडीचा संबंध नाही हे तुम्हाला ठाऊक असताना तुम्ही ऐकून कसं घेतलंत, असं काहीबाही बोलले. बाई छत्रीच्या काड्या सरळ करत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिला आत्ता कारण पाहिजे. माझं नाव घेऊन तिला झोप लागत असेल, तर लागू दे की." त्यावर मला रडू आलं. बाईंना माझं रडणं आवडलं नाही, त्यांनी मला चहा करायला आत पाठवलं.

आईनं कात्री जुन्या खणात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. वडावर दरवर्षीचा दोरा तसाच साचत गेला. आता सुताच्या जागी बाजारातली पॉलिस्टरची रिळं आली होती, ती न कुजता न तुटता बुंध्याला गच्च बसायची. ढोलीच्या तोंडावरसुद्धा जाळं धरलं. बाई रोज संध्याकाळी वडाला एक चक्कर मारून यायच्या, बघायच्या आणि हात पाठीमागं बांधून परतायच्या. शब्द म्हणजे शब्द.

अशी बरीच वर्षं गेली. एका वर्षी ऊस गेल्यावर बाई माझ्याकडं बेळगावात होत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी आईचा फोन आला. तम्माण्णानं पाचट पेटवलं होतं. बाई गावात नाहीत म्हणून हयगय केली असंही नाही. पाइप लावून त्यानं पट्टा भिजवायला घेतला होता. निम्मा भिजला आणि मग वारं पडलंय तोवर उरकावं म्हणून त्यानं एका बाजूनं काडी लावली. तेवढ्यात करंट गेला, मोटर बंद पडली आणि वारं उठलं.

डॉक्टरांनी धूळ नको, धूर नको, वाकायचं नाही असं बजावलेलं. बाई काळा चष्मा लावून गाडीत जाऊन बसल्या. माझे यजमान गाडी चालवत होते. हायवे सोडून आत वळलं की उसावरून वडाचा शेंडा दिसायचा, ती आमच्या गावची खूण. त्या वळणावर बाईंनी माझा हात धरला. "दिसतोय का गं?"

मी म्हटलं, धूर दिसतोय बाई.

संकेश्वरहून बंब येऊन पाणी मारून गेला होता, पण ढोलीच्या आत विस्तव होता तो होताच. गुऱ्हाळाच्या चुलाण्यासारखा आतून धगधगत होता. ट्रॅक्टरचे टँकर लागले. पलीकडच्या कानडी गावातूनही टँकर आले आणि वड कुणाच्या हद्दीत ते त्या दिवशी कुणी काढलं नाही. तरी उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी बुंधा मधोमध फुटला आणि झाड तम्माण्णाच्या रानात आडवं झालं. एवढा मोठा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता.

तम्माण्णा बांधावर टोपी हातात घेऊन बसला होता आणि गावातली तरणी पोरं त्याच्यावर केस करायची भाषा बोलत होती. बाई आधी त्याच्याकडं गेल्या. मी असते तरी करंट गेलाच असता, एवढं त्याला सांगितलं आणि पोरांना कानडीत गप बसवलं. मग आई पुढं आली. तिचा चेहरा काजळीनं भरला होता.

"बाई, दोऱ्यानं पेट घेतला. जाळ बुंध्यापातुर आला आन् दोरा धरून वर चढला, आमच्या डोळ्यादेखत. कात्री माझ्या ट्रंकंत व्हती."

सगळ्या बायका खाली बघत होत्या. "मी सांगितलं होतं," हे वाक्य बाईंच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी होती. खरं सांगायचं तर मीही त्याची वाट बघत होते. बाईंनी आपल्या पदरानं आईचं तोंड पुसलं आणि धुरातून लांब हो म्हणाल्या.

सुनंदा मागं उभी होती. एवढ्या वर्षांत ती बाईंच्या दारावरून जाताना मान वळवून जायची. ती जवळ आली. "बाई, दोरा कापला न्हवता. तरी बी झाड गेलंच की."

"व्हय गं बाळा," बाई म्हणाल्या. "तरी बी जातंय." बाईंना आमच्या बोलीत बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर बाई घरात बसल्या त्या बसल्याच. डोळा चांगला झाला, पण त्या बघायला बाहेर पडेनात. छत्री खुंटीला. भेटायला गेलं तर विचारलेल्याचं उत्तर द्यायच्या, स्वतःहून काही नाही. फाटकी पुस्तकं शिवायला आणणारी पोरंही आता येत नव्हती. आई दोन्ही वेळचं जेवण घेऊन जायची आणि निम्मं परत आणायची. मला फोनवर म्हणाली, झाड गेलं ते गेलं, आता बाई चालल्यात.

जुन्या विद्यार्थ्यांत चौकशी सुरू झाली, कुणाकडं बाईंच्या आहेराची फांदी जगली आहे का. उत्तरं फारशी बरी नव्हती. कुणाची शेळीनं खाल्ली, कुणाची रस्ता रुंद करताना गेली, एकीनं तर खरोखरच सरपण केलं होतं. चिकोडीतल्या एकीनं दारातल्या झाडाचा फोटो पाठवला, तो पिंपळ निघाला. मी गप्प होते असं नाही. आमच्या गुंजीच्या परसातला वड दुमजली घराएवढा झाला होता, मी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. पण आईला गुंजीला जायची लाज वाटत होती. मोरीच्या त्या चौकशीवरून तीच तेव्हा बाईंवर सगळ्यांत जास्त चिडली होती. शेवटी मिरीग तोंडावर आला तशी ती सुनंदाला घेऊन निघाली.

आता गंमत अशी की सासूबाई फांदी देईनात. सरपण म्हणून आळीभर सांगत फिरलेल्या त्याच, पण सासरे गेल्यावर त्या झाडाखालीच त्यांची दुपार जायची. आमच्या झाडाला कात्री-करवत लावायची नाही, असं म्हणून बुंध्याला पाठ लावून बसल्या. आईनं हात जोडले, सुनंदानं सगळी हकीकत सांगितली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मग आईला विचारलं, "आधी सांगा, तुमच्याकडं मोरीचं पाणी कुठं जातंय?"

आई मागच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. ती फांदी जिथं लावायची तिथं मी सोता पानी घालीन, असं तिनं सासूबाईंच्या पायावर हात ठेवून सांगितलं, तेव्हा कुठं करवत निघाली. यजमानांनी चांगली दंडाएवढी फांदी कापली, टोकाला शेण लिंपलं, ओलं पोतं गुंडाळलं. पिकअपमध्ये सुनंदा तिला गुंजीपासून गावापर्यंत धरून बसली होती.

फांदी जळक्या बुंध्याशेजारीच लावायची ठरली, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. बाई येईनात. सुनंदा आत गेली, खुंटीवरची छत्री काढून त्यांच्या हातात दिली आणि दारात उभी राहिली. हातात छत्री आल्यावर बाईंना बसून राहणं जमेना. खड्ड्याशी आल्या, फांदीवरून हात फिरवला, सालीचा वास घेतला. शेण पातळ लिंपलंय म्हणाल्या. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. फांदीचं झाड झालंय, माझ्या डोक्याच्या वर गेलंय, आणि तम्माण्णा पाचट पेटवत नाही, रानातच कुजवतो. पण मला बाई आठवतात त्या फांदी लावली त्या वर्षीच्या, सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या.

वटपौर्णिमेला बायका आल्या, आणि त्या दंडाएवढ्या फांदीला दोरा गुंडाळायचा कसा म्हणून घोटाळल्या. शेवटी प्रत्येकीनं सुताचा एकेकच वेढा हलक्या हातानं घातला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ट्रंक उघडली. खणातली कात्री घेऊन ती बाईंच्या दारात गेली आणि चला म्हणाली. बाई म्हणाल्या, माझा शब्द आहे, मी हात लावणार नाही. आई म्हणाली, तुम्ही नुसतं बघायला चला.

सगळी आळी गोळा झाली होती. या खेपेला कुणी दार लोटलं नाही, बोटंही मोडली नाहीत. बाईंना स्टूल दिलं होतं. आईनं कात्री उघडली, दोऱ्याखाली पातं सरकवलं आणि तिचा हात थांबला. तिनं मागं वळून बघितलं. बांधावर माझे वडील तोंडात मशेरीचं बोट घालून उभे होते. सगळ्यांची नजर त्यांच्यावर गेली तसं त्यांनी बोट बाहेर काढलं.

"बघतीस काय? काप की. मी हाय हितंच."

आईनं कापलं. एकेक वेढा, जिभेचं टोक दातात धरून, साल न दुखवता. शेवटचा दोरा सुटला तेव्हा तिनं त्याचं गुंडाळं केलं आणि बाईंच्या ओटीत ठेवलं.

बाईंनी सवयीनं मान वर केली. वर नुसतं आभाळ होतं. मग त्यांनी मान खाली आणली, पार त्या फांदीपर्यंत. तिला अजून एक पान नव्हतं.

"वड?" बाईंनी हाक दिली.

माझी आई, हातात कात्री, पहिल्या वर्गातल्या पोरीसारखी ताठ उभी राहिली.

"हजर, बाई."